दहापैकी सहा म्हणजे नेमकं काय?

तिसरीतल्या एखाद्या मुलाची गणिताची वही उघडून बघा. ५२ वजा २७, उत्तर ३५. त्याच्याखाली ६१ वजा ३८, उत्तर ३७. त्याच्याखाली ४८ वजा १५, उत्तर ३३. पहिल्या दोन उत्तरांवर फुली, तिसऱ्यावर बरोबरची खूण. अशी सगळी उदाहरणं मिळून दहापैकी सहा गुण होतात. प्रगतिपुस्तकात ‘गणित : बरे’ असा शेरा पडतो आणि घरी निष्कर्ष निघतो, ‘येतं सगळं, पण वेंधळेपणा करतो.’

आता त्या दोन चुका पुन्हा बघा. ५२ वजा २७ मध्ये एककाच्या घरात वर २ आणि खाली ७. मुलाने ७ मधून २ काढले, ५ लिहिले. दशकाच्या घरात ५ मधून २ काढले, ३ लिहिले. दुसऱ्या उदाहरणातही तेच: ८ मधून १, ६ मधून ३. यात वेंधळेपणा कुठेच नाही. मूल एक नियम इमानेइतबारे पाळतंय: वरचा-खालचा न बघता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. तिसरं उदाहरण बरोबर आलं, कारण तिथे वरचेच अंक मोठे होते. म्हणजे या नियमाने कधी गुण मिळतात, कधी जातात, आणि सहाचा आकडा त्याचा पत्ताच लागू देत नाही.

मुलांच्या चुका अशा नियमबद्ध असतात हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ मध्ये तपशिलात दाखवलं. वजाबाकीतल्या अशा चुकांच्या प्रकारांची त्यांनी यादीच केली आणि शिक्षकांना त्या ओळखायचा सराव मिळावा म्हणून एक संगणकीय खेळ तयार केला. वर सांगितलेली चूक त्या यादीतली सगळ्यात ओळखीची. गंमत अशी, की ती बहुधा मोठ्यांच्याच एका वाक्यातून जन्मते. पहिलीत आपण मुलांना ठासून सांगतो, ‘लहानातून मोठी संख्या जात नाही.’ मूल ते ऐकतं. मग २ मधून ७ जात नाहीत म्हटल्यावर ते बिचारं उलटं करून बघतं, आणि तसे जातात!

प्राथमिक शाळेचं काम असल्या बारीक गोष्टींमध्ये असतं. आणि पालकांपर्यंत पोहोचायला हवी ती माहितीही याच मापाची हवी. शाळा शिकवते एका-एका पायरीने आणि पालकांना कळवते एका आकड्यात. घर आणि शाळा यांच्यातले निम्मे गैरसमज इथून सुरू होतात, असं माझं मत आहे.

वजाबाकीचंच पुढे नेऊ. ही चूक सापडल्यावर शिक्षक काय करतात? चांगला शिक्षक अशी आणखी वीस उदाहरणं देत नाही, कारण वीस वेळा चुकीचा नियम गिरवला तर तो पक्का होतो. तो एक पाऊल मागे येतो. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलापुढे ठेवतो आणि म्हणतो, ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ दोन गठ्ठे सहज निघतात. सात सुट्या मात्र नाहीत. मूल थांबतं, इकडेतिकडे बघतं, आणि थोड्या वेळाने विचारतं, ‘हा सोडू का?’ त्याने गठ्ठ्याचा रबर काढला की सुट्या काड्या बारा होतात, त्यातल्या सात देता येतात, पाच उरतात. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या, म्हणजे २५. दशक सुटा करणं म्हणजे काय हे हाताला कळल्यावर मग तेच वहीत चित्र काढून, आणि शेवटी नुसत्या अंकांत.

वस्तू, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडला. सिंगापूरने आपलं शालेय गणित याच क्रमावर उभं केलं आणि आज जगभरच्या प्राथमिक शाळा तो कमी-अधिक वापरतात. पण घरी त्याचं दर्शन कसं होतं? ‘तिसरीत गेला तरी अजून काड्याच मोजतोय!’ पालकांची काळजी खोटी नसते. त्यांनी स्वतः पाढे घोकून गणित केलेलं असतं. मग ते रात्री बसून मुलाला ‘हातचा घेण्याची’ आपली पद्धत शिकवतात, आणि सकाळी शाळेत ते मूल दोन पद्धतींचा काला करून ठेवतं. काड्या का आहेत आणि त्या केव्हा सुटतील, एवढं आधी कळवलं असतं तर ही रात्र टळली असती.

संख्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पालकांना सांगून ठेवण्यासारखी आहे. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो, लिहितो मात्र दोन आधी. जर्मन भाषेतही असंच आहे. त्यामुळे ऐकून लिहिताना २५ चे ५२ होणं ही पहिली-दुसरीतली नेहमीची अडचण आहे. एवढ्यावरून मुलाला गणितात गती नाही असं कुणी ठरवू नये. बहुतेकांचं सरावाने सुटतं. दुसरी संपली तरी रोज होत असेल तर शिक्षकांच्या कानावर घालावं.

आता वाचन, कारण प्राथमिक शाळेचा खरा कणा तोच. ‘वाचनात कच्चा आहे’ हे वाक्य प्रगतिपुस्तकातलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य असावं. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं समीकरण मांडलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, बरोबर वाचून समजणं. यातला गुणाकार महत्त्वाचा. दोन्हींपैकी एक शून्य असलं तर दुसरं कितीही असो, उत्तर शून्यच.

म्हणून ‘कच्ची’ म्हटलेली दोन मुलं अगदी वेगळी असू शकतात. एकाला गोष्ट वाचून दाखवली तर ते पुढचं काय होणार तेही सांगतं, पण स्वतः वाचायला बसलं की जोडाक्षराला अडखळतं. दुसरं मूल धडा घडाघडा वाचतं आणि ‘काय झालं त्यात?’ विचारलं की गप्प. पहिल्याला अक्षरओळखीचा आणि जोडाक्षरांचा सराव हवा. दुसऱ्याला गप्पा, गोष्टी, नवे शब्द, प्रश्न हवेत. पहिल्याला नुसत्या गोष्टी ऐकवल्या, दुसऱ्याला नुसतं शुद्धलेखन दिलं, तर दोघांचंही वर्ष वाया जाऊ शकतं.

देवनागरीत वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना धीर द्यावा असं यात बरंच आहे. आपल्या लिपीत अक्षर दिसतं तसंच बहुतेक वेळा वाचलं जातं, ही मोठी सोय. पण ओळखायच्या आकृत्या शेकड्यांत जातात. मूळ अक्षरं, त्यांची बाराखडी, वर जोडाक्षरं. ‘कि’ मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. ‘सूर्य’ मधला र तर य च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि वाचायचा मात्र य च्या आधी. अशाच घडणीची लिपी असलेल्या कन्नडमध्ये वाचायला शिकणाऱ्या मुलांवरचा सोनाली नाग यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षरं आत्मसात होण्याची प्रक्रिया पहिलीत संपत नाही, पुढे काही इयत्तांपर्यंत चालू राहते, असं त्यातून दिसलं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं शेजारच्या मुलाला सहा महिन्यांत आली म्हणून आपल्या मुलाची सगळी अक्षरं पहिलीत यायलाच हवीत, हा हिशेब इथे लागू होत नाही.

वाचनाचं अजून एक दृश्य. दुसरीतलं मूल वाचतंय, ‘झा… झाडा… झाडाव… झाडावर… दो… दोन…’ वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून निघून गेलेली असते. एका वेळी मनात धरून ठेवायची जागा थोडीच असते आणि ती सगळी अक्षरं लावण्यातच खर्च होते. अशा वेळी शिक्षक तोच छोटा उतारा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा वाचायला देतात. घरी वाटतं, याचं तर पाठ झालंय, याला काय वाचन म्हणायचं! शंका योग्य आहे, आणि तपासायची सोपी युक्तीही आहे. उताऱ्याच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ म्हणून विचारायचं. ज्याला नुसतं पाठ आहे ते मूल पहिल्या ओळीपासून म्हणत त्या शब्दापर्यंत येतं. ज्याला वाचता येतं ते सरळ सांगतं.

हे सगळं एका वर्गात एकाच वेळी चाललेलं असतं. सरकारी शाळा मुलं निवडून घेत नाही. दारात आलेलं प्रत्येक मूल तिचं. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं असावं हे १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात आहे, १९८९ च्या बालहक्क करारातही आहे. त्याचा वर्गातला अर्थ असा, की चौथीच्या एकाच बाकावर गोष्टीची पुस्तकं संपवणारं मूल आणि काना-मात्रेशी झगडणारं मूल शेजारी शेजारी बसतात. पाठ्यपुस्तक दोघांच्या हातात तेच.

यावरचा एक उपाय म्हणजे दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करणं. प्रथम या संस्थेने भारतात ही पद्धत घडवली. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या सरकारी शाळांत मागे पडलेल्या मुलांना दिवसाचा काही वेळ वेगळं बसवून पायाभूत वाचन-गणित शिकवण्याच्या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. पुढे हीच कल्पना झांबियासारख्या देशांनीही उचलली.

पण पालकांना याबद्दल आधी काही सांगितलं नाही तर काय ऐकू येतं? ‘माझ्या मुलीला ढ मुलांत बसवलं.’ इथे शाळेने दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. गट दिवसाच्या एका तासापुरता आहे, आणि तो दर काही आठवड्यांनी बदलतो. जून ते मार्च तोच गट राहिला तर पालकांचा राग रास्तच आहे. मग त्याला गट म्हणायचं कशाला, तो वर्गातला वर्ग झाला.

मूल्यमापनाबद्दल शिक्षक आणि पालक एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी समजतात. पालकांच्या मनात परीक्षा म्हणजे निकाल. शिक्षकाच्या कामाची परीक्षा मात्र रोज आणि न सांगता होते: पाटीवर उत्तर लिहून सगळ्यांनी एकदम वर धरा म्हटलं की तीस पाट्यांवरून एक नजर फिरवून कळतं, उद्या पुढे जायचं की हेच पुन्हा घ्यायचं. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या ब्रिटिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये ढीगभर संशोधन चाळून दाखवलं, की शिकणं सुधारतं ते या रोजच्या, शिकवणं बदलायला लावणाऱ्या तपासणीमुळे.

आणि गुण? रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त काय जमलं-काय राहिलं याच्या सूचना, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि रस टिकला तो फक्त सूचना मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. म्हणजे आकडा दिसला की सूचना कुणी वाचत नाही. पालकही वाचत नाहीत, हे प्रगतिपुस्तक हातात घेतल्यावर आपली नजर आधी कुठे जाते ते आठवलं की पटतं. मला विचाराल तर पहिली-दुसरीच्या प्रगतिपुस्तकात आकडे छापूच नयेत.

मग छापावं काय, सांगावं काय? दोन निरोप शेजारी ठेवून बघू. पहिला: ‘गणितात अधिक सराव आवश्यक.’ दुसरा: ‘दोन अंकी वजाबाकी दशक न सोडता येते. दशक सोडावा लागला की उलट वजा करते. पुढचे दोन आठवडे काड्यांवर करून घेणार आहोत. घरी उदाहरणं घालू नका. दहा-दहाचे गठ्ठे करून त्यातून द्या-घ्यायला लावा.’ दुसऱ्या निरोपाला लिहायला दोन मिनिटं जास्त लागतात. पण त्यात आज काय येतं, कुठे अडतं, शाळा काय करणार आणि घरी काय करायचं, काय करायचं नाही, हे सगळं आलं. पहिल्या निरोपाने फक्त शिकवणी लागते.

‘चाळीस मुलांचे असे निरोप कधी लिहायचे?’ हा शिक्षकांचा प्रश्न अगदी खरा आहे. रोज नाहीच लिहायचे. दिवसाला दोन मुलं घेतली तर महिन्याभरात वर्ग पूर्ण होतो. आणि निरोप एका वाक्याचाही चालतो. मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांनी अमेरिकेत, सुट्टीतल्या पूरक वर्गांत, शिक्षकांकडून आठवड्याला एक वाक्य पालकांना पाठवून पाहिलं, मुलागणिक वेगळं. त्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. ती मुलं माध्यमिकची होती, त्यामुळे आकडे जसेच्या तसे प्राथमिकला लावता येणार नाहीत. पण एका नेमक्या वाक्यालाही वजन असतं एवढं त्यातून नक्की घेता येतं.

याउलट मोबाइलवरचा वर्गाचा ग्रुप. उद्या सुट्टी, परवा सभा, फॉर्म भरा, यासाठी तो उत्तम. पण पालकांना माहिती देणं म्हणजे ग्रुपवर टाकणं असं शाळेला वाटू लागलं की घोटाळा होतो. शंभर निरोपांत कामाचा एक हरवतो. सगळ्यांच्या गुणांची यादी ग्रुपवर टाकणं तर सरळ चूक, कारण एका मुलाचे गुण ही त्याच्या घरापुरती गोष्ट आहे. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वीस सेकंदांचा आवाजी निरोप कागदाच्या पानापेक्षा बरा. आणि ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांची वेगळी नोंद वर्गशिक्षकाकडे हवी. ‘ग्रुपवर टाकलं होतं’ हे उत्तर त्यांना देता येत नाही.

पालकसभेचं तर काय सांगावं. बहुतेक सभा भाषणात संपतात आणि ज्या पालकांशी बोलायचं असतं ते नेमके कामावर असतात. त्यापेक्षा प्रत्येकाला ठरवून दिलेली दहा मिनिटं बरी, त्यातली काही संध्याकाळची. आणि त्या दहा मिनिटांत मूलही हजर असावं. साधारण असं:

‘ताई, तिची ही जूनमधली वही, ही आत्ताची. तूच सांग गं आईला, काय बदललंय?’

‘आधी मी सगळं चिकटून लिहायचे.’

‘आणि आता कुठे अडतं?’

‘जोडाक्षर आलं की.’

‘बाई, मी काय करू घरी? मला स्वतःला फार लिहिता येत नाही.’

‘तुम्ही लिहू नका. रोज तिला एक पान तुम्हाला वाचून दाखवू दे. अडली की शब्द सांगायची घाई करू नका, आणि वाचून झालं की त्यात काय होतं ते विचारा. बस.’

यात कुणी मुलीला हुशार म्हटलं नाही की आळशीही नाही. दोन वह्या शेजारी होत्या, त्यामुळे तुलना तिची तिच्याशीच झाली. पालकांनीही सभेला जाताना ‘कसा आहे अभ्यासात?’ हा प्रश्न घरी ठेवून जावा. त्याला ‘ठीक आहे’ याशिवाय उत्तर नसतं. ‘या महिन्यात याला नवीन काय यायला लागलं आणि सध्या कशावर काम चाललंय?’ असं विचारलं की शिक्षकांनाही वही उघडावी लागते.

गृहपाठाबद्दल थोडक्यात. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घेतलेल्या आढाव्यात गृहपाठ आणि यश यांचा संबंध वरच्या वर्गांत दिसला तितका प्राथमिक वर्गांत दिसला नाही. त्यामुळे पहिली ते चौथीत कमी गृहपाठ देणारी शाळा कामचुकार ठरत नाही. मात्र ‘गृहपाठ का देत नाही’ हे तिने स्वतःहून सांगावं.

घरची भाषा शाळेपेक्षा वेगळी असेल तर पालक अनेकदा मोडक्यातोडक्या शाळेच्या भाषेत मुलाशी बोलू लागतात, शिक्षकांनी सांगितलं म्हणून. हा सल्ला देऊ नये. मुलाने मातृभाषेतून शिकायला सुरुवात करावी असं युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच सांगितलं होतं. वर आलेल्या समीकरणातला दुसरा भाग, भाषा समजणं, घरातल्या भरघोस बोलण्यातूनच वाढतो, मग ती भाषा कोणतीही असो.

माहिती उलट दिशेनेही वाहायला हवी, आणि इथे शाळा कमी पडतात. फळ्यावरचं लिहून घेताना मूल सतत शेजाऱ्याच्या वहीत बघतं. शिक्षकाला वाटतं नक्कल करतंय. घरी ते टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसतं, हे आईला माहीत असतं. दोन्ही निरीक्षणं एकत्र आली तर चष्म्याचा प्रश्न आठवड्यात सुटतो, नाही तर वर्षभर मूल बोलणी खातं. वारंवार दुखणारे कान, घरातलं आजारपण, शाळेत जायच्या आधी रोज दुखणारं पोट, हे सगळं शिक्षकांना कळायला हवं. त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला पालकांना विचारायचा एक प्रश्न पुरतो: तुमच्या मुलाबद्दल आम्हाला माहीत असायला हवं असं काय आहे? विचारल्यावर उत्तर ऐकायला बसायची तयारी मात्र हवी.

आणि हे सगळं साठवून ठेवलेलं वर्ष संपताना कुठे जातं? बहुतेक ठिकाणी कुठेच नाही. नव्या वर्गशिक्षकाच्या हाती नावांची यादी आणि श्रेण्या येतात. मग दशक सुटा करणं, जोडाक्षर, दिसण्याची तक्रार, सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधायचं, त्यात दोन महिने जातात. प्रत्येक मुलामागे चार ओळी पुढच्या शिक्षकासाठी लिहून ठेवल्या आणि त्याच चार ओळींची प्रत पालकांनाही दिली, तर ते दोन महिने वाचतात. शाळेने दिल्या नाहीत तर पालकांनी मागाव्यात. मुलाच्या प्रगतीची नोंद मागण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.